जुन्या दगडी घरातले कुटुंबांचे रविवार : कामाच्या नोंदी

आमच्या समितीकडे एका दुमजली ऐतिहासिक दगडी घराची देखभाल आहे. अंगणात एक जुने सूर्यघड्याळ आहे, तळमजल्याच्या ताशीव दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत आणि वरच्या खोलीत जुन्या पत्रांची एक पेटी आहे. महिन्यातून एक रविवार हे घर मुलांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी उघडायचे, असे आम्ही ठरवले. असे काम हाती घेणाऱ्या इतरांचे आमच्याइतके दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

१२ जानेवारी

पहिला रविवार फसला. कार्यक्रम म्हणजे पन्नास मिनिटांची माहितीफेरी होती आणि ती देण्याचे काम माझ्याकडे होते. मी तयारी पुष्कळ केली होती. बांधकामाचे टप्पे, मालकांची वंशावळ, छताची दुरुस्ती, सारे क्रमाने सांगितले. तिसऱ्या खोलीपर्यंत मुले भिंतीला टेकून बसली होती. पाचव्या खोलीत पोहोचलो तेव्हा दोन कुटुंबे निघून गेली होती आणि उरलेल्यांतले पालक मुलांना गप्प ठेवण्यात इतके गुंतले होते की त्यांनीही काही ऐकले नसावे.

फेरीनंतर मुलांसाठी चित्रे रंगवण्याचे टेबल मांडले होते. तेथे मुले रमली खरी, पण रंगवायला दिलेले किल्ल्याचे चित्र छापील वहीतून घेतलेले होते आणि या घराशी त्याचा काही संबंध नव्हता. मुले रंगवत असताना आईवडील मागे उभे राहून वाट पाहत होते. घर पाहायला आलेले कुटुंब दोन तुकड्यांत विभागले गेले आणि दोन्ही तुकड्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

१४ जानेवारी

टेबलाची जागा चुकली होती, हे छायाचित्रे पाहताना लक्षात आले. टेबल भिंतीला लावलेले होते, त्यामुळे एकाच बाजूने पोहोचता येत होते आणि ती बाजू मुलांनी भरून गेली होती. फिलाडेल्फिया आणि कॅम्डेन येथील चार संस्थांनी एकत्र येऊन कुटुंबांच्या शिकण्याचा अभ्यास केला आणि तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबांना सोयीच्या मांडणीची सात वैशिष्ट्ये त्यात दिली आहेत. त्यांतले पहिलेच असे, की मांडणीभोवती कुटुंबाला सर्व बाजूंनी उभे राहता आले पाहिजे. दुसरे, की एकाच वेळी अनेक हातांना काम मिळाले पाहिजे. हे मी पूर्वी वाचले होते आणि तरीही टेबल भिंतीला लावले.

यापुढे प्रत्येक उपक्रमाला दोन कसोट्या लावायच्या असे आम्ही ठरवले. तो याच घरातल्या एखाद्या वस्तूतून निघालेला असावा, आणि तो एकट्याने पुरा होऊ नये. लहान आणि मोठ्या माणसाला एकमेकांचे हात लागावेत. सूर्यघड्याळ, पत्रे आणि पाथरवटांच्या खुणा या तीन गोष्टी निवडल्या.

२ फेब्रुवारी

आज पाहुण्यांशिवाय चाचणी घेतली. दगडावर पातळ कागद धरून त्यावर मेणाचा खडू घासायचा आणि खुणेचा ठसा घ्यायचा, अशी कल्पना होती. पाथरवटांच्या खुणा म्हणजे त्रिकोण, बाण, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा अशी साधी चिन्हे. कोणी किती दगड घडवले याचा हिशेब मजुरीसाठी ठेवता यावा, हे त्यांमागचे एक कारण. मुलांना आवडेल असाच हा विषय आहे.

दुसऱ्याच ठशाला कागदाबरोबर दगडाची पापडी सुटून आली. नखाएवढीच होती, पण तिच्यावर खुणेच्या एका रेषेचे टोक होते. वरवर घट्ट दिसणारा दगड आतून क्षारांनी पोखरलेला असू शकतो आणि दाब पडला की त्याचा थर सुटतो, हे आमच्यापैकी एकाला ठाऊक होते. चाचणीपूर्वी त्याला विचारायला हवे होते. शिवाय कागद फाटला तेथे मेण दगडाच्या छिद्रांत गेले आणि ते निघत नाही. हा उपक्रम कायमचा बंद केला. पापडी वेष्टनात घालून तिच्यावर जागा आणि तारीख लिहून ठेवली आहे आणि घराची मालकी असलेल्या खात्याला त्याच दिवशी लेखी कळवले. तुम्ही हे करणार असाल तर मूळ दगडावर करूच नका. खुणेची प्रतिकृती वेगळ्या फरशीवर कोरून घ्या आणि तिच्यावर हवे तितके ठसे काढू द्या.

१६ फेब्रुवारी

सूर्यघड्याळाचा रविवार. पुठ्ठ्याची छोटी घड्याळे करून ती अंगणातल्या मूळ घड्याळाशेजारी मांडायची, असा बेत होता. नमुना आयता मिळाला, तो जाड कागदावर छापून घेतला. बांधणी छान झाली आणि पहिल्यांदाच वडील आणि मुली एका टेबलावर वाकलेल्या दिसल्या. मग सारेजण अंगणात गेले, आणि एकही घड्याळ मूळ घड्याळाशी जुळेना. काही तर एकमेकांशीही जुळत नव्हती. एका मुलीने माझ्याकडे पाहून विचारले, “आमचं चुकलं का?” तिचे काहीच चुकले नव्हते, आणि ते तिला नीट समजावून सांगण्याइतकी माझी स्वतःची समज त्या क्षणी पुरी नव्हती.

२२ फेब्रुवारी

आठवडाभर संध्याकाळी बसून कारणे शोधली. ती तीन निघाली आणि ती तिन्ही टाळता येण्यासारखी होती.

पहिले कारण अक्षांश. घड्याळावरची तिरपी पट्टी, जिची सावली पडते, तिचा जमिनीशी कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका असावा लागतो, म्हणजे ती आपल्या गोलार्धातील आकाशीय ध्रुवाकडे, अर्थात ज्या बिंदूभोवती आकाश फिरताना दिसते त्याकडे, रोखलेली राहते. तासांच्या रेषाही अक्षांशानुसार बदलतात. ४० अक्षांशावर दुपारी एकची रेषा मधल्या रेषेपासून सुमारे ९.८ अंशांवर येते, तर २० अक्षांशावर अवघ्या ५.२ अंशांवर. आमचा छापील नमुना भलत्याच अक्षांशाचा होता. योग्य रेषा काढण्यासाठी सूर्याचा तासकोन घ्यावा, म्हणजे माध्यान्हापासूनच्या प्रत्येक तासाला १५ अंश. त्याच्या स्पर्शज्येला, अर्थात टॅनला, अक्षांशाच्या साइनने गुणावे. जे येईल ती हव्या त्या कोनाची स्पर्शज्या. हे गणित समितीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने एका बैठकीत सर्व तासांसाठी करून दिले.

छापलेले उरलेले नमुने वाया जातील असे वाटले होते, पण त्यावरही उपाय निघाला. एका अक्षांशासाठी केलेले घड्याळ दुसरीकडे चालवायचे असेल तर दोन अक्षांशांतल्या फरकाइतक्या अंशांची पाचर त्याच्याखाली उत्तर-दक्षिण दिशेने सरकवावी. पट्टी पुन्हा ध्रुवाकडे रोखली जाते आणि घड्याळ बरोबर चालते. लाकडी पाचरी अर्ध्या दिवसात कापून झाल्या.

दुसरे कारण दिशा. आम्ही फोनमधल्या होकायंत्रावर विसंबलो. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर वेगळी असते, आणि आमच्या काही टेबलांजवळ लोखंडी कठडा होता, म्हणून घड्याळे एकमेकांशीही जुळली नाहीत. आता खरी उत्तर-दक्षिण आदल्या दिवशी सावलीवरून काढतो. ओळंब्याने सरळ केलेली काठी रोवायची, सकाळी सावलीच्या टोकावर खूण करून तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ काठीभोवती काढायचे, दुपारनंतर सावली पुन्हा त्या वर्तुळाला टेकली की दुसरी खूण करायची आणि काठीशी होणाऱ्या कोनाचे दोन समान भाग करायचे. यात जवळजवळ पूर्ण दिवस जातो, आकाश निरभ्र लागते, पण एकदा रेषा मिळाली की ती कायमची. टेबलांची पातळी पाणसळीने पाहायची, हेही आधी राहून गेले होते.

तिसरे कारण आमच्या अपेक्षेत होते. लोक सूर्यघड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहतात. मनगटावरची वेळ प्रमाण रेखावृत्ताची, म्हणजे ज्या रेखावृत्तावरून साऱ्या प्रदेशाची घड्याळे लावतात त्याची असते, आणि तेथून रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. त्याखेरीज पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे वर्षभर फरक बदलत राहतो. फेब्रुवारीच्या मध्यास सूर्यघड्याळ सुमारे १४ मिनिटे मागे असते आणि नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे पुढे. आम्ही नेमका फेब्रुवारीचा मध्य निवडला होता. आता प्रत्येक कुटुंबाला त्या दिवसाची दुरुस्ती लिहिलेली चिठ्ठी देतो आणि बेरीज-वजाबाकी मुलांनीच करायची असते.

९ मार्च

पत्रांचा रविवार. या उपक्रमावर माझा सर्वांत जास्त जीव आहे, आणि घराचे सर्वांत मोठे नुकसानही याच दिवशी झाले.

आमच्या पेटीतल्या पत्रांना पाकिटे नाहीत. यंत्राने केलेली पाकिटे एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. त्याआधी पत्राचाच कागद घडी घालून, चिरून, त्याच्याच कडेची पट्टी कापून त्या चिरेतून ओवून बंद केला जाई. ब्रिटनमध्ये १८४० पर्यंत टपाल कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर आकारले जात होते, त्यामुळे वरून वेगळे पाकीट घालणे म्हणजे आणखी एका कागदाचे पैसे. या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या जाना डॅम्ब्रोजिओ यांनी या पद्धतीला ‘लेटरलॉकिंग’ असे नाव दिले. स्कॉटलंडची राणी मेरी हिने ८ फेब्रुवारी १५८७ रोजी, शिरच्छेदापूर्वी काही तास, लिहिलेले शेवटचे पत्रही अशाच पट्टीने बंद केलेले आहे.

मुलांना मात्र राणीपेक्षा दुसरीच गोष्ट अधिक आवडली. हेगमधल्या एका टपालप्रमुखाच्या पेटीत न पोहोचलेली हजारो पत्रे राहिली आणि त्यांतली कित्येक कधीच उघडली गेली नाहीत. २०२१ मध्ये संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने, घडी न मोडता, त्यांतले ३१ जुलै १६९७ चे एक पत्र वाचले. आत काय होते? एका माणसाने आपल्या चुलतभावाकडे नातेवाइकाच्या मृत्यूच्या नोंदीची प्रमाणित प्रत मागितली होती. तीनशे वर्षे बंद राहिलेल्या पत्रात एवढेच असावे याचे मुलांना फार नवल वाटले, आणि मोठ्यांना ते लगेच समजले, कारण असे दाखले मिळवण्यासाठी खेटे त्यांनीही घातले आहेत.

आता चूक. अस्सलपणाच्या हौसेने आम्ही मायफळ आणि हिराकस यांची जुन्या पद्धतीची काळी शाई केली होती आणि टाक ठेवले होते. दौत सांडली. ही शाई आम्लधर्मी असते, हवेत आणखी काळी पडते आणि खोलीतली फरशी चुनखडीच्या दगडाची आहे. टीपकागदाने टिपली तोवर ती दगडात उतरली होती. शिवाय पत्रावर मोहोर उठवण्यासाठी लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली होती. लाकडी छताच्या घरात, लहान मुलांच्या गर्दीत उघडी ज्योत ठेवायला मी संमती दिली, याचे मला आजही वाईट वाटते. त्यातून काही घडले नाही, पण घडू शकले असते.

१० मार्च ते २३ मार्च

संवर्धक, म्हणजे जुन्या वास्तू-वस्तूंचे जतन करणारे तज्ज्ञ, येऊन गेले. लेप लावून डाग फिका झाला, गेला नाही. या कामाचे शुल्क इतके आले की तोवरच्या तिन्ही उपक्रमांच्या साहित्याचा खर्च एकत्र केला तरी कमी भरला. मूळ पत्रांची पेटी त्या दिवशी त्याच खोलीत होती हे त्यांनी निदर्शनास आणले, तेव्हा आम्हाला उशिरा धडकी भरली.

नवे नियम लिहून दारावर लावले : घरात कोणताही द्रव पदार्थ नाही, ज्योत नाही, लिहायचे ते शिसपेन्सिलीने. अभिलेखागारांच्या वाचनकक्षात पेन्सिलच चालते, हे मुलांना सांगितले की त्यांना ती कमीपणाची वाटत नाही. पत्रांच्या हुबेहूब प्रती करून घेतल्या आणि मूळ पेटी बंद ठेवली. कागदासाठी प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आत ठेवावा असा संग्रहालयांचा प्रघात आहे आणि आमच्या खिडकीशी तो पाळणे शक्य नव्हते. कुलूप आता केवळ कागदी पट्टीचे, लाख नाही. एकाने घडी दाबून धरायची आणि दुसऱ्याने पट्टी ओवायची. एकट्याला ते जमत नाही, त्यामुळे आमची दुसरी कसोटी आपोआप पुरी होते.

जाड कागद घडीवर फुगतो आणि पट्टी तुटते, म्हणून पातळ पण चिवट कागद घ्यावा. चीर आम्ही आधीच पाडून ठेवतो.

६ एप्रिल

पाथरवटांच्या खुणा परत आणल्या, दगडाला स्पर्श न करता. जाड काळ्या कापडाने एक कोपरा अंधारा केला. एकाने विजेरी दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, पण हातभर दूर धरायची आणि हळूहळू भोवती फिरवायची. दुसऱ्याने समोरून पाहून दिसेल ती रेघ कागदावर काढायची. तिरप्या प्रकाशात उथळ रेघांनाही सावली पडते आणि दिवसा सपाट भासणारा दगड खुणांनी भरून जातो. एकाच वस्तूची वेगवेगळ्या दिशांच्या प्रकाशातली छायाचित्रे जोडून पृष्ठभाग वाचण्याची संगणकीय पद्धत २००१ मध्ये पुढे आली. तिचे मूळ तत्त्व हेच आहे.

आजवरचा सर्वांत चांगला रविवार. विजेरी धरणाऱ्याला स्वतःला खूण नीट दिसत नाही, त्यामुळे “अजून खाली”, “थांब, आता परत फिरव” असे सतत बोलावे लागते. एक आजोबा आणि त्यांची नात बराच वेळ एकाच दगडापाशी होते आणि त्यांनी आमच्या यादीत नसलेली एक खूण शोधली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती पडताळून यादीत घातली आणि त्यांना कळवले.

१८ एप्रिल

स्मारके व स्थळे यांचा आंतरराष्ट्रीय दिवस. इकोमॉस या स्मारके व स्थळांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तो १९८२ मध्ये सुचवला आणि युनेस्कोने १९८३ मध्ये मान्य केला. आम्ही नोंदणीशिवाय सर्वांना या म्हटले, आणि लोक आले, आमच्या आवाक्याबाहेर आले. जिन्याच्या लाकडी पायऱ्या करकरू लागल्या तेव्हा वरचा मजला बंद करावा लागला. लांबून आलेल्या लोकांना परत पाठवावे लागले. त्यांची नाराजी रास्त होती.

आता वरच्या मजल्यावर एका वेळी बाराच माणसे, वेळा ठरवून आणि नोंदणी करून. नोंदणी केलेले सारेच येत नाहीत, म्हणून दोन-तीन जास्तीची नावे घेतो. एवढे करूनही वरचा मजला ज्यांना जिना चढता येत नाही त्यांना बंदच राहतो. त्यांच्यासाठी पत्रांचा उपक्रम पुढच्या वेळेपासून खाली आणला. बाळगाड्या ठेवायला जागा, बसायला बाके आणि स्वच्छतागृहाकडे जाणारी ठळक पाटी, या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशीच करायच्या होत्या.

११ मे

एका स्वयंसेवकाने मुलांना तळघरातून निघणाऱ्या गुप्त भुयाराची गोष्ट रंगवून सांगितली. मुले भुयार शोधत राहिली आणि अर्थातच ते सापडले नाही. त्याचा हेतू चांगला होता, मुलांचे डोळे चमकले होते, आणि तरीही ते मला मान्य नाही. इकोमॉसने २००८ मध्ये स्वीकारलेल्या सनदेत स्थळाची ओळख करून देण्याची जी तत्त्वे आहेत, त्यांत माहितीच्या आधारांना स्वतंत्र स्थान आहे. अभ्यासाइतकीच लोकांची जिवंत परंपराही त्यात धरली आहे. म्हणून भुयाराची गोष्ट आम्ही काढून टाकली नाही. आता ती “लोक असे सांगतात” अशी सुरू होते, आणि मग मुलांना विचारले जाते, की भुयार असते तर कोणकोणत्या खुणा सापडायला हव्या होत्या. तळघरात जाऊन त्या खुणा शोधण्यात त्यांचा वेळ भुयार शोधण्याइतकाच छान जातो.

स्वयंसेवकांना दोन तासांची तालीम पुरत नाही. एक पूर्ण रविवार दुसऱ्याचे काम नुसते पाहणे, आणि मगच टेबल सांभाळणे, असा क्रम ठेवला आहे.

१५ जून

सहामाही हिशेब. सर्वांत मोठा खर्च डाग काढण्याचा, त्याखालोखाल विम्याचा; साहित्य त्या दोन्हींपेक्षा पुष्कळ स्वस्त पडले. वेळेचे गणित उलट आहे : एका रविवारच्या चार तासांमागे तयारी, मांडामांड आणि आवराआवर मिळून सुमारे तीस तास जातात, आणि ते सहा जणांत वाटले तरच निभते. छापील अभिप्राय अर्ज बंद केले. सर्वांनी ‘छान’ एवढेच लिहिले होते. त्याऐवजी एक जण कोपऱ्यात बसून प्रत्येक कुटुंब कोठे किती वेळ थांबते आणि आपसांत बोलते का, एवढेच टिपून ठेवतो. छताच्या कामासाठी घर आता काही महिने बंद राहील.

२ नोव्हेंबर

घर उघडल्यावरचा पहिला रविवार, पुन्हा सूर्यघड्याळाचा. नवे नमुने, आदल्या दिवशी तपासलेली उत्तर-दक्षिण रेषा, लोखंडी कठड्यापासून दूर ठेवलेली टेबले. फेब्रुवारीत “आमचं चुकलं का?” विचारणारी मुलगी आईबरोबर परत आली होती, तिला मी पत्र पाठवून बोलावले होते, पट्टीने कुलूपबंद केलेले. तिने चिठ्ठीवरची दुरुस्ती वाचली, १६ मिनिटे वजा केली, रेखांशाची मिनिटे आईने मांडली. दोघींचे घड्याळ आईच्या मनगटावरच्या घड्याळाशी दोन मिनिटांच्या आत जुळले. सावलीच्या कडा पुसट असतात, पुठ्ठ्याच्या घड्याळाकडून याहून बारीक वेळ मिळत नाही. तिने ती दोन मिनिटेही वहीत लिहून घेतली. घड्याळाची सावली पाडणारी पट्टी अधिक पातळ कागदाची केली तर फरक कमी होईल का, असे तिने विचारले आहे. पुढच्या रविवारसाठी दोन जाडींचे कागद कापून ठेवले आहेत.